कुशीवर वळवताना

१२ मार्च

प्रिय आई,

नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मी मजेत आहे, वेळेवर जेवते (बहुतेक). फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून पत्र. दादाला वाचायला देऊ नकोस. सावकाश का होईना, तूच वाच.

आधी आनंदाची बातमी. जिंकले गं! झोपून असलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, हा नियम कालपासून सगळ्या वॉर्डांत लागू झाला. आमच्या वॉर्डात आधीच्या तिमाहीत अकरा जणांना पाठीला जखमा झाल्या होत्या. या तिमाहीत आतापर्यंत दोघांनाच! मेट्रन म्हणाल्या, "कागद वाचून वॉर्ड चालत नाही असं म्हणाले होते ना मी? शब्द मागे घेते." आता दर बुधवारी नवं संशोधन वाचायला एक तास, तोही ड्यूटीतच.

नियमाची पुढची ओळ मात्र लिहायला हात धजत नाही. लाल झालेली कातडी चोळायची नाही.

हो, आई. याच वॉर्डात स्पिरिट-पावडर लावून तू बावीस वर्षं चोळलीस, तीच.

मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा वॉर्डात तुझ्याबरोबर आयाचं काम केलेल्या मावशी उसळल्या, "तुझ्या आईनेच शिकवलं आम्हाला. घरात पहिली डिग्री आली म्हणून तिलाच खोटं पाडतेस?" पुढे महिनाभर मी पाठ फिरवली, की स्पिरिटची बाटली बाहेर.

शेवटी त्यांनाच विचारलं, "आई चोळायची कशी?"

"कशी म्हणजे? चहाआधी, चहानंतर, जेवणानंतर. दरवेळी एकेकाला कुशीवर घ्यायची आणि..." बोलता बोलता त्याच थांबल्या. "अगं बाई! म्हणजे गुण त्या वळवण्याचा?"

दुसऱ्या दिवशी बाटल्या त्यांनीच गोळा केल्या. जखमांची खरी मोजणी तिथून सुरू झाली.

तुझे रुग्ण टिकले ते तू वळवत होतीस म्हणून. चोळण्याने लाल कातडी आतून आणखी दुखावते, काहींना त्रासही झाला असेल. हे लपवून मला तुझ्यासमोर मिरवता येणार नाही.

सोमवारी नव्या मावश्यांना शिकवायचंय. जड माणसाला न फरफटवता एकटीने कसं वळवायचं, हे माझ्या एकाही कागदात धड नाही. मेट्रननी तुला बोलावलंय. रागावली असशील तरी ये. रागावूनच शिकव.

तुझं पहिल्यांदाच न ऐकलेली,
तुझी धाकटी