बशीवरचे मोती

५ फेब्रुवारी १९३४
आले एकदाची! मिशिगनमधलं हे गाव बर्फात गुडघाभर बुडालंय, पण माणसं उबदार. आरोग्यखात्याची नवी नर्स म्हणून टेना डायकेमाने मला माडीवरची खोली दिली, वर वाटीभर वाटाण्याचं दाट सूप. तिची लेक फेम्के तीन आठवड्यांची. टेना हसून म्हणाली, “घरातच नर्सबाई आल्या, आता मला कसला घोर?”

९ फेब्रुवारी
डांग्या खोकल्याची सहा घरं केली. मूल खोकू लागलं की तोंडासमोर जंतू वाढवायचा थर लावलेली काचेची बशी धरायची. चार दिवसांनी तिच्यावर मोत्यांसारखे ठिपके उगवले, की रोग पक्का; दारावर ‘आत येऊ नये’ची पाटी ठोकायची. समोरच्या पाच वर्षांच्या नेलीला तर बशीचीही गरज नव्हती. ढास लागली की चेहरा जांभळा होतो, आणि शेवटी श्वास आत ओढताना तो आवाज – हूऽऽप! मी पाटी ठोकत होते तेव्हा तिने खिडकीतून मला जीभ काढून दाखवली. गोड पोर आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार
नाक वाहतंय, जरा खोकला. नियमाने घरी बसायला हवं; पण मग माझी घरं कोण बघणार? सर्दीच असेल. टेना चर्चला गेली तेवढा वेळ फेम्केला मीच घेऊन बसले.

२२ फेब्रुवारी
दार लावून स्वतःच्याच तोंडासमोर बशी धरली. उगाच, खात्रीसाठी.

२६ फेब्रुवारी
मोती उगवले.
बशी उकळून टाकली. टेनाला म्हटलं, इथली थंडी मला सोसत नाही. बिचारी मध घातलेला चहा घेऊन वर आली. बाळ कडेवर.

२ मार्च
फेम्केएवढ्या तान्ह्या बाळाला हूप येत नाही. तेवढं बळच नसतं. ते नुसतं थांबतं. निळं पडतं. मग पुन्हा श्वास घेतं. आज सात वेळा.

५ मार्च
दुपारी दोन वाजता फेम्के थांबली. ती थांबलीच.

८ मार्च
टेना म्हणते, नेलीनेच आणलं हे. मला विचारलं, “नर्सबाई, त्या कार्टीमुळेच ना?”
मी मान डोलावली. देवा, मी मान डोलावली.

१० मार्च
भरदुपारी खालून आवाज आला. हूऽऽप. नेलीचा नव्हे. फार लहान, ओला. फेम्केला कधी जमलाच नाही तो. टेनाला ऐकू येत नाही.

१२ मार्च
कुणीतरी नेलीच्या खिडकीची काच फोडली. आत वारा घुसतोय, पोरीला ताप चढलाय. त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही –
आवाज आता माडीवर. मला ढास लागते, मी श्वास ओढायला जाते, आणि माझ्याआधी – फेम्के ओढते. मला हवा उरत नाही.

१३ मार्च
सांगणार. आत्ताच. तोंड उघडलं की ढास – म्हणून लिहून देते. टेना जिना चढतेय, हाका मारतेय –
हूप – कानाशी –
टेना, नेलीला कुणी काही करू नका. तुझ्या लेकीला खोकला तिच्याकडून नाही आला, तो