आमच्या घरात पॉवरपॉइंट

पेटालुमा
रविवार, १९ जानेवारी २००३

प्रिय कर्टिस,

तू, जोअ‍ॅन आणि ते लठ्ठ मांजर, तिघंही मजेत असाल असं धरून चालते. सिअ‍ॅटलला पाऊस असणारच, तेव्हा हवेची चौकशी करत नाही.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस. आमची ई-मेल तुझे बाबा उघडतात आणि तिथे तुझं नाव दिसलं की त्या दिवशी कुणी धड जेवत नाही. म्हणून हा कागद. उत्तर मर्लच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

काम असं आहे. बाबांच्या कॉम्प्युटर क्लबची पुढची सभा फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी आहे आणि बोलायचंय बाबांना. विषय: नवं कीनोट (आमच्या मशीनच्या कंपनीचा स्लाइडचा प्रोग्राम) पहिल्या भेटीत कसं वाटलं, तुमच्या पॉवरपॉइंटच्या तुलनेत. क्लब काढल्यापासून फेब्रुवारीचं भाषण त्यांचंच असतं. या वेळी ते नीट व्हायलाच हवं.

कीनोट बाजारात आलं त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर आलं. मी आधी नाक मुरडलं आणि मग दुपारभर त्याच्यासमोरून हलले नाही. देखणं आहे रे. चित्र सरकवत नेलं आणि ते बरोबर मधोमध आलं की एक पिवळी रेघ उमटते, म्हणजे डोळे बारीक करून बघायला नको. अक्षरं छापल्यासारखी स्वच्छ. एक स्लाइड जाऊन दुसरी येताना पडदा ठोकळ्यासारखा वळतो. पॉवरपॉइंट मी शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं वापरलं. प्रत्येक ओळीआधी तो ठिपका, आणि मुख्याध्यापकांना आवडायचं म्हणून कोपऱ्यातून गरगरत येणारे शब्द. तुला राग येईल, पण त्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. आता खरं तेही सांगते. तुमच्यात आलेख हवे तितके, इथे मोजकेच. आणि तुमचं कुठल्याही जुनाट मशीनवर धावतं, तर हे आमच्या मशीनवर धापा टाकतं.

काल मर्ल डोनट घेऊन आला होता. क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला सल्ल्यांची हौस आली आहे. बाबांना म्हणाला, "ऑरिन, पॉवरपॉइंटचं नाव घेतलंस की जरा थांबत जा. लोकांना ओरडायला वेळ हवा ना." अजून ओरडतात. तुझ्या, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीचं किंवा तिच्या मालाचं नाव निघालं की सगळी सभा "हूऽऽ" करते. ही पद्धत बाबांनीच पाडली. लहानपणी तू खुर्चीवर उभा राहून सगळ्यांत मोठ्याने करायचास, आणि शेवटी नोकरीला गेलास तो तिथेच.

एक विचारायचं होतं. बोलणारा फारसं बोलला नाही तरी भाषण पुरं होईल, अशी काही युक्ती या प्रोग्राममध्ये असते का? सहज विचारते आहे.

बाबा ठीक आहेत. आता पडदे उतरवून धुवायचे आहेत.

तुझी,
आई


बुधवार, २९ जानेवारी

प्रिय कर्टिस,

तुझं उत्तर मर्लने काउंटरवरच हातात दिलं. "बाबा आणि कमी बोलणार? डॉक्टरला दाखवा," असं तू लिहिलंस. तू गमतीने लिहिलंस हे कळतं मला. तरी तिथल्या खिळ्यांच्या डब्यांसमोर मला बराच वेळ उभं राहावं लागलं.

डॉक्टरला दाखवलंय. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात त्यांना झटका आला, मेंदूचा. जीव वाचला. चालतात, जेवतात, उजवा हातही हळूहळू वळायला लागलाय. शब्द मात्र परत आलेले नाहीत. त्यांना सगळं समजतं, पेपर वाचून रागावतातही. पण बोलताना तीन-चार शब्द येतात आणि पुढे भिंत लागते. हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा काय स्पष्ट बोलले असतील, तर "कर्टिसला नाही." म्हणून मी कळवलं नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पडदे दोनदा धुवून झाले, आता कपाटांची पाळी आहे. तू माझ्यावर चिडशील. चीड, पण नंतर.

मर्ल म्हणाला होता, या वर्षी मी बोलतो. बाबांनी हातातला नॅपकिन त्याच्या अंगावर भिरकावला. मी मर्लची बाजू घेतली नाही, कारण मला स्पष्ट दिसतंय की त्या मंगळवारी हे लोकांसमोर उभे राहिले नाहीत, तर पुन्हा या घराच्या बाहेर पडणार नाहीत. बोलायला शिकवणारी बाई येते, तिलाही दारातून परत पाठवायला लागलेत.

आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम केली. कीनोटमध्ये सगळं तयार, एकेक स्लाइड चित्रासारखी. पहिली स्लाइड बरी गेली. दुसरीवर शब्द अडला. त्यांनी डाव्या हाताने पुढचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. ठोकळा वळत राहिला आणि माणूस पडद्यासमोर तोंड उघडं ठेवून उभा. मला ते बघवेना. मी नळ सोडून भांडी घासत बसले.

मग न राहवून मी बोलून गेले. म्हटलं, "ऑरिन, पॉवरपॉइंटमध्ये आवाज भरून ठेवता येतो. प्रत्येक स्लाइडला वेगळा. एक वाक्य दहादा म्हण, अकराव्यांदा जमलं की ते ठेव. सभेत नुसतं बटण दाबायचं." कीनोटमध्ये ते नाही. मी सगळं उघडून पाहिलं. पॉवरपॉइंटमध्ये आहे हे मला कुठून माहीत, ते त्यांनी विचारलं नाही. नोकरी लागल्यावर तू मागच्या पायऱ्यांवर बसून मला सांगितलं होतंस, "आई, पॉवरपॉइंटमध्ये आवाजाचं काम मिळालंय मला." बाबा तेव्हा आत होते आणि खिडकी उघडी होती.

ते हातातला कप दाबून धरत माझ्याकडे वळले. मला वाटलं आता कप फुटणार. मग म्हणाले, "आण."

मर्लने पॉवरपॉइंटची डिस्क आणली ती कागदी पिशवीत, वर खिळ्यांची पुडी ठेवून. "ऑरिन, क्लबात कळलं तर अध्यक्ष म्हणून मला तुझं नाव कापावं लागेल."

बाबा म्हणाले, "तूच... आणलीस."

झटका आल्यापासूनचा पहिला टोमणा. मर्ल हसला, मग काहीतरी विसरल्याचं सांगून ट्रकपाशी गेला आणि नाक शिंकरत बसला.

इतक्यात येऊ नकोस. तू न सांगता दारात उभा राहिलास तर त्यांना वाटेल, मी त्यांना दगा दिला. म्हणजे दिलाच आहे. तरी थांब.

आई


बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय कर्टिस,

झालं एकदाचं.

गेले दहा-बारा दिवस ते खोलीचं दार लावून बसत होते. बाहेर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचं, अडायचं, शिवी यायची (शिव्या अडत नाहीत, डॉक्टर म्हणतात असं होतं), आणि परत पहिल्यापासून. मी जिन्यात उभी राहून मनातल्या मनात पुढचा शब्द ढकलायचे. शेवटची स्लाइड त्यांनी मला ऐकू दिली नाही.

काल लायब्ररीच्या हॉलमध्ये ते स्वतः चालत पुढे गेले. लोक उभे राहिले, तर हाताने खाली बसवलं. मशीनजवळ खुर्ची घेतली आणि डावा हात बटणावर ठेवला. मर्लने दिवे मालवले.

त्यांचाच आवाज होता. सावकाश, जरा घोगरा, पण वाक्यं पुरी. कीनोटची चित्रं घेऊन पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर चिकटवली होती, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कौतुक मनापासून केलं. पिवळ्या रेघेला तर एक अख्खी स्लाइड दिली. "वळणारा ठोकळा एकदा छान वाटतो. दहाव्यांदा पोटात ढवळतं." लोक हसले. अंधारात मी त्यांच्याकडे बघत होते. लोकांचं हसू ऐकल्यावर त्यांचे खांदे सैल झाले.

मग आवाज म्हणाला, "आता पॉवरपॉइंट." आणि सगळा हॉल "हूऽऽ" करून उठला. काहींनी पाय आपटले. भरून ठेवलेला आवाज कुणासाठी थांबत नाही, तो आपला खाली बोलतच होता आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. एवढ्या दिवसांची मेहनत वाहून चालली होती. मी उठणार, तेवढ्यात बाबांनी बटण दाबून आवाज बंद केला. टेबलाला धरून उभे राहिले. डावा हात वर केला. माणसं हळूहळू गप्प झाली. त्यांना शब्द सापडत नव्हता, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी कुजबुजत शब्द सुचवला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणि मग स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "पुरे."

बसले. एक स्लाइड मागे गेले आणि पुन्हा सुरू केलं.

शेवटच्या स्लाइडवर काही नव्हतं. नुसता पांढरा पडदा आणि आवाज. मी जसंच्या तसं लिहिते आहे:

"कीनोट सुंदर आहे. घ्या. पण तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकताय, तो कीनोटमधून येत नाही. हे सगळं पॉवरपॉइंटमध्ये केलंय. मला आता नीट बोलता येत नाही. यातल्या आवाजाचं काम माझा मुलगा करतो. कर्टिस. त्याच्या कामाबद्दल मी त्याला कधीच काही विचारलं नाही. ती माझी चूक."

मर्लला दिव्याचं बटण सापडेना.

घरी येताना गाडीत मी रडले. ते खिडकीबाहेर बघत होते. दारात किल्ली लावत असताना म्हणाले, "त्याला... सांग." मी म्हटलं, "तूच सांग." त्यांनी नकाराची मान हलवली नाही. त्याचा अर्थ मला माहीत आहे, इतकी वर्षं संसार केलाय.

तर रविवारी दुपारी फोन कर. मी उचलणार नाही, ते उचलतील. पलीकडून काही ऐकू आलं नाही तर लाइन कटली समजून फोन ठेवू नकोस. ते शब्द शोधत असतील. तू मध्ये बोलू नकोस, त्यांच्यासाठी वाक्य पुरं करू नकोस. कितीही वेळ लागला तरी थांब.

तेवढा वेळ शेजारच्या खुर्चीत गप्प बसून राहणारी,
तुझी आई