कृपया मागे पाहा

२ फेब्रुवारी
पक्षाने नगरपालिकेची उमेदवारी मला दिली. एकमताने. दुसरं कोणी इच्छुक नव्हतं, पण एकमत ते एकमत.

आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. आता प्रात्यक्षिक.

मुद्दा तयारच आहे. आपल्या वॉर्डातला नगरपालिकेचा दवाखाना बंद करून ती जागा विकायचा घाट सध्याच्या नगरसेवकाने घातला आहे. हा गृहस्थ धंद्याने ठेकेदार. त्याला सगळे ठेकेदारच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.

आईला बातमी सांगितली. तिच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या त्याच दवाखान्यातून येतात. तिथली सिस्टर दर महिन्याला तिला गोळ्या देते आणि रागावते. आईच्या मते निम्मा गुण रागावण्याचा आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली की बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, तेवढा दवाखाना वाचव. मी तिला समजावलं की प्रश्न एका दवाखान्याचा नसून प्राथमिक आरोग्यसेवेच्या खासगीकरणाचा आहे. ती म्हणाली, बरं, तेही बघ.

संकल्प: या वेळी लोकांच्या भाषेत बोलायचं. छोटी वाक्यं. एका वेळी एकच मुद्दा.

३ फेब्रुवारी, सकाळ
पत्रकाचं पहिलं वाक्य लिहिलं. छोटं. फुलस्केपच्या पाऊण पानात बसलं.

बायकोला दाखवलं. ती बँकेत काउंटरवर असते, सामान्य जनतेशी तिचा थेट संबंध. तिने विचारलं, यात नक्की कोण काय करतंय? मी सांगितलं की ते दुसऱ्या वाक्यात येईल. तिने चष्मा काढून ठेवला.

(लग्नापासून तिला सांगतोय की मला अहो-जाहो करू नकोस, 'अरे' म्हण, आपण समतावादी आहोत. ती म्हणते, राग आला की म्हणते ना.)

७ फेब्रुवारी
घोषवाक्य ठरवण्यासाठी पक्षाची बैठक. आईने सकाळी चहा देता देता सुचवलं होतं: दवाखाना वाचवा. लोकांमधून आलेली सूचना म्हणून मी ती मोठ्या मनाने मांडली.

चर्चा फार उंचीवर गेली. 'दवाखाना' म्हणजे नुसते उपचार, मग प्रतिबंधाचं काय, असं एकाने विचारलं. 'वाचवा' म्हणजे आहे तीच व्यवस्था आपल्याला मान्य आहे का, असं दुसऱ्याने. दोन्ही हरकती बिनतोड होत्या. दोन्ही शब्द गेले. म्हणजे वाक्यच गेलं.

शेवटी मंजूर झालं ते असं: 'प्रतिबंधात्मक, सर्वसमावेशक व लोकाभिमुख आरोग्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेच्या दिशेने'. सरचिटणिसांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला. त्यांना 'दिशेने'च्या जागी 'दिशांनी' हवं होतं.

घरी आल्यावर आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, यात दवाखाना कुठे आहे? मी म्हणालो, गाभ्यात.

९ फेब्रुवारी
आंघोळ करताना सुचलं. इतकी साधी गोष्ट आजवर कुठल्याच पक्षाला कशी सुचली नाही?

निवडणुकीत जो तो आपलंच घोडं दामटतो. लोक याला विटले आहेत. आपण प्रामाणिक राहायचं. वर्गात मी मुलांना शिकवत आलो तेच: आधी विरोधी बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायची, मग तिचा एकेक मुद्दा खोडून काढायचा. पत्रकाच्या पहिल्या पानावर दवाखाना का बंद व्हावा याची सगळी कारणं. मागच्या पानावर त्यांचा फडशा.

दिवसभर लिहीत होतो. पहिलं पान असं झालंय की ठेकेदाराला सात जन्मांत जमणार नाही. गळकं छप्पर, रिकामी कपाटं, दुपारी झोपणारा कंपाउंडर, काही म्हणून सोडलं नाही. मागचं पान किंचित घाईत झालं, पण तर्क पक्का आहे.

ठेकेदाराची जराशी दयाच आली.

१२ फेब्रुवारी
छापखान्यात गेलो. छापखानेवाल्याने प्रूफ वाचलं आणि म्हणाला की तो आजवर दवाखान्याच्या बाजूचा होता, पण आता त्यालाही पटलं, बंदच केलेला बरा. लेखणीला याहून मोठी पावती कोणती? मी त्याला मागचं पान वाचायला सांगितलं. तो म्हणाला, छापताना वाचतो.

फोटो आणि निशाणी पहिल्याच पानावर घेतली. मजकूर जास्त झाल्याने मागच्या पानाचा टाइप बारीक करावा लागला. तळटिपा त्याहून बारीक. पहिल्या पानाच्या शेवटी कोपऱ्यात 'कृ. मा. प.' टाकलं. प्रश्नपत्रिका काढण्यात हयात गेली, सवय जात नाही.

बायकोने विचारलं, लोकांना कळेल का? मी म्हणालो, शाळेत गेलेल्या प्रत्येकाला 'कृपया मागे पाहा' कळतं. मतदाराला कमी लेखणं हाच आपल्या राजकारणाचा रोग आहे.

१५ फेब्रुवारी
घरोघरी प्रचार. प्रतिसाद जबरदस्त.

लोक पत्रक घेतात, फोटो बघतात, वाचतात आणि एकदम गप्प होतात. विचार सुरू झाल्याचं हे लक्षण. नाक्यावरच्या सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवून विचारलं की दवाखान्याने तुमचं काय वाकडं केलंय? प्रश्न मूलगामी होता. मी त्याचं अभिनंदन केलं आणि संस्थांचं अपयश आणि धोरणाचं अपयश यांतला फरक उलगडून सांगितला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी वाचून दार लावून घेतलं. आत जाऊन शांतपणे वाचणार असतील.

एक आजोबा म्हणाले, निदान तोंडावर सांगताय, बाकीचे पाठीमागून करतात. डोळ्यांत पाणी आलं. प्रामाणिकपणाची कदर अजून शिल्लक आहे.

१८ फेब्रुवारी
विश्वास बसणार नाही अशी घटना. ठेकेदाराचे कार्यकर्ते माझंच पत्रक वाटतायत. गठ्ठेच्या गठ्ठे. फुकटात.

सरचिटणिसांना फोन केला. त्यांचं विश्लेषण: आपला विचार विरोधकांच्या गोटात शिरला. मलाही भरून आलं. इतकी वर्षं आपण ज्यांना सांगू पाहत होतो, त्यांनीच उचलून धरलं.

एक प्रत घरी आणली. झेरॉक्स आहे. एकाच बाजूची. खर्च वाचवला असेल.

बायकोने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, अरे. एवढंच. समतेकडे एक पाऊल पडलं, पण मुहूर्त कळला नाही.

२० फेब्रुवारी
ठेकेदाराची सभा. अभ्यासासाठी मागे उभा राहिलो.

भाषण म्हणून अत्यंत सुमार. संदर्भ नाही, पार्श्वभूमी नाही. हातात माझं पत्रक धरून तो म्हणाला की हे सर तुमचा दवाखाना बंद करायला निघालेत, मी त्याच्या विटेलाही हात लावू देणार नाही. संपलं. चहा निवायच्या आत खाली उतरला. जागा विकायच्या प्रस्तावावर पहिली सही याचीच आहे, आणि टाळ्या यालाच.

गर्दी मागे वळून माझ्याकडे बघू लागली. मी हात हलवला. कोणी हलवला नाही.

किरकोळ गैरसमज झालेला दिसतो. दोन दिवसांनी आपली सभा आहे, तिथे मुळापासून खुलासा करीन.

२२ फेब्रुवारी
सभा झाली.

आईला बोलायचं होतं. ती म्हणाली की मी एक मिनिट उभी राहते, माझ्या गोळ्यांचं सांगते आणि बसते. बैठकीत ठरलं की भावनिक आवाहन हा आपला मार्ग नव्हे. शिवाय उमेदवाराची आई म्हणजे घराणेशाही. तिला पहिल्या रांगेत बसवलं.

मी मुळापासून सुरुवात केली. नगरपालिका ही संकल्पना, तिचा उगम, आर्थिक मर्यादा. मध्येच दवाखान्यातली सिस्टर गणवेशातच आली. ड्यूटीवरून सुटका करून घेऊन आली होती. तिने उभं राहून विचारलं की सर, एवढंच सांगा, तुम्ही आलात तर दवाखाना राहणार की जाणार? मी म्हणालो, प्रश्न हो-नाहीच्या चौकटीत मांडणं हाच एक सापळा आहे. पेशंट खोळंबलेत म्हणून ती निघून गेली.

दवाखान्याच्या मुद्द्यापर्यंत पोचलो तेव्हा मांडववाल्याची माणसं मागच्या खुर्च्या घडी करत होती. मी आवाज चढवला. पुढच्या रांगेत आई एकटीच होती, मांडीवर पिशवी घेऊन. ती मान डोलावत होती. तिला ऐकू कमी येतं. मला एकाएकी फार वाईट वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही.

तरी उपस्थिती निवडक होती, हे नोंदवलं पाहिजे.

२६ फेब्रुवारी
मतदान. आईला घेऊन गेलो. बाहेर आल्यावर बोटाची शाई दाखवून म्हणाली की दवाखान्याला दिलं. मी म्हणालो, म्हणजे मला. ती म्हणाली, तेच ते.

रांगेत लोक माझी नजर चुकवत होते. मत गुप्त राखण्याबाबत इतकी जागरूकता पूर्वी दिसली नव्हती.

अंदाज: निसटता विजय.

२७ फेब्रुवारी
डिपॉझिट जप्त.

सरचिटणीस म्हणाले की हा नैतिक विजय आहे आणि पत्रक थोडं मोठं हवं होतं. मला पटलं. तिसरं पान असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

बायकोने ताट वाढलं. आई म्हणाली, जाऊ दे, तो ठेकेदार तरी विटेला हात लावणार नाही म्हणालाय. तिने सरळ विश्वास ठेवला होता. मी तिला सत्य सांगायला सुरुवात केली, पण ती जेवत होती.

२० मार्च
दवाखाना बंद करायचा ठराव मंजूर. आवाजी मतदानाने.

ठेकेदार सभागृहात म्हणाला की त्याचं मन तयार नव्हतं, पण विरोधी उमेदवारासारख्या विद्वान, निःस्वार्थी माणसाने लेखी दिलेल्या कारणांपुढे तो हतबल आहे. आणि माझं पहिलं पान वाचून दाखवलं. पेपरात आलंय. छप्पर, कपाटं, कंपाउंडर, सगळं. माझ्या क्रमाने. एक स्वल्पविरामही बदललेला नाही.

सुरुवातीला, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मग स्वयंपाकघरात गेलो. आई गोळ्यांची पाकिटं दाबून दाबून बघत होती, कशात किती उरल्यात ते.

निषेधाचं पत्रक काढायला हवं. उद्या सुरुवात करतो.

२ एप्रिल
पत्रक झालं नाही. आईला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. दोन बसेस. दुसऱ्या बसमध्ये तिला जागा मिळाली नाही.

रांग दाराबाहेर आली होती. त्यात अर्धा आपला वॉर्ड. सलूनवाला त्याच्या वडिलांना घेऊन आला होता. आईला उभी बघून तो आपल्या खुर्चीवरून उठला आणि तिला बसवलं. मी त्याच्याशी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्यानेच माझा हात हातात घेतला.

म्हणाला, सर, राग मानू नका, आम्ही तुम्हाला मत दिलं नाही. पण खरं ते खरं. ठेकेदार वाचवतो म्हणाला आणि पलटला. तुम्ही बंद करतो म्हणालात, आणि पडलात तरी करून दाखवलंत. दिल्या शब्दाला जागणारा माणूस आता मिळतो कुठे? पुढच्या वेळी आमची अख्खी गल्ली तुमच्याच मागे.

रांगेतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. एक बाई तर आपल्या सासूला मी कोण ते कौतुकाने सांगू लागल्या.

मी घसा खाकरला. म्हणालो, मुद्दा असा आहे की...

आईने खालून माझी बाही ओढली. म्हणाली, पुरे, पाय दुखतायत, आभार मान आणि पुढे सरक.

मी आभार मानले.