मानपत्रातली मेंढी

२४ मे २०२५, सकाळी
श्रीदेवी बाई पुढच्या शनिवारी निवृत्त होणार. माजी विद्यार्थ्यांचं मानपत्र मी लिहायचं ठरलं. आमच्या घरात पहिली शिकलेली मीच, तीही बाईंमुळं. पोरीला शाळेत घाला म्हणून सांगायला त्या मेंढवाड्यावर आल्या, तेव्हा आमच्या मेंढीनं त्यांची हजेरीवही खाल्ली. आप्पा शरमले आणि भरपाई म्हणून मला शाळेत घातलं. हे मानपत्रात आलंच पाहिजे, असं आप्पांनी बजावलंय. शब्द दिला.
चॅटबॉटला हात लावणार नाही.

२६ मे
लिहून झालं. फक्त शुद्धलेखनासाठी चॅटबॉटला दाखवलं. तपासून घेणं म्हणजे वापरणं नव्हे. बाईसुद्धा वह्या तपासायच्याच.

२७ मे
ब्राउझरमधल्या टूलनं मेंढीच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. चॅटबॉट म्हणाला, प्रसंग हृद्य आहे, पण औपचारिक मजकुरात मेंढी खटकते. मलाही ती आधीपासून खटकत होतीच. आधीपासून म्हणजे त्यानं सांगितल्यापासून.

२९ मे
आता वाक्य असं : ‘आपण वाडीवस्तीपर्यंत ज्ञानगंगा पोहोचवली.’ वाडीवस्ती म्हणजे आम्हीच. आप्पा त्यात आले, असं धरायला हरकत नाही.
माझी वर्गमैत्रीण अयोध्या वाचून म्हणाली, हे तू लिहिलंय असं वाटतच नाही. आभार मानले.
 

३० मे
मूळ वाक्य परत घालायचा पक्का निर्णय. मानपत्र मुरुम गावात फ्रेम करायला दिलेलं, तिथं फोन केला. फ्रेमवाल्यानं सकाळीच काच बसवलेली.
आप्पांनी विचारलं, मेंढी घातलीस न्हवं? घातली म्हटलं. पहिल्या फाइलमध्ये आहे. म्हणजे खोटं नाही.

३१ मे, संध्याकाळी
आप्पा मेंढरं धुळाप्पाकाकांवर सोपवून आले. नवं धोतर, पहिली रांग. शेजारच्यांना सांगत होते, आता आमची मेंढी येतीय बघा.
मी वाचत गेले. ज्ञानगंगा आली. आप्पा पुढं सरकून बसले. मग एकदम ‘उर्वरित आयुष्य सुखाचे जावो’ आलं. टाळ्या. मध्येच थांबून तोंडानं सांगता आलं असतं. पण कागदावर नव्हतं.
बाईंनी फ्रेम घेतली, छान म्हणाल्या आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.
येताना आप्पा गाडीवर मागं बसले होते.  उतरताना म्हणाले, “लई मोठं वाचलंस, माय. मेंढीच्या वक्ताला मलाच डुलकी लागली व्हय?”
मी हो म्हणाले.