सतरा नंबरची मॅचलेस

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर

प्रिय धाकू,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. जनीचे गुडघे सोडले तर घरात सगळं ठीक आहे. पत्र अशासाठी की फोनवर मोटारसायकलचं नाव काढलं रे काढलं की तुझ्या बुरोंडीची रेंज जाते! मोबाइल नव्हते तेव्हापासून जातेय मेल्या. कागदाची रेंज जात नाही. तेव्हा निमूट बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच टाकलंस तर तुला तुझ्या होडीची शपथ.

ती सापडली! आपली सतरा नंबर! बाळाशेठची मॅचलेस!

गणपती होऊन आठवडा झाला असेल, एक टेम्पो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. त्यातून बाळाशेठची नात उतरली, योगिनी. दातांची डॉक्टर आहे, मारुती मंदिराजवळ दवाखाना. बागेतली आंबा भरायची शेड पाडायची म्हणून रिकामी केली, तर पेट्यांच्या ढिगाखाली ही बया. सीटमध्ये उंदरांचा संसार, टाकीवर पालीची अंडी, चाकं जाम. मी म्हटलं, ताई, विलायती गाडी आहे, लष्कराच्या लिलावातून आलेली, साडेतीनशे सीसीची. घासून पुसून महिन्यात नवरीसारखी करून देतो. पोरीने माझ्या हातातला ब्रशच काढून घेतला! म्हणाली, काका, आधी ही कुठे धावली ते शोधायचं, मग हात लावायचा. एकदा घासलं की सगळ्या खुणा जातील. तिचे आजोबा म्हणायचे, ही गाडी शर्यतीत पळाली आहे, आणि घरात कोणी विश्वास ठेवायचं नाही.

त्या काळी रत्नागिरीत अशा तीन-चार गाड्या तरी होत्या. म्हटलं, नसेल आपली. खरं सांगू? नसावी असंच वाटत होतं. पण टाकी उतरवली आणि खाली बघतो तर काय, रबराच्या जागी जाळं तरंगवणाऱ्या बोयाचा तुकडा, निळ्या सुतळीने बांधलेला, आणि सुतळीला तुझी ती गाठ! टाकी थडथडते म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी तू बांधली होतीस, आणि मी हसलो होतो, की गाडी आहे की शिडाचा पडाव. सेहेचाळीस वर्षांत सुटली नाही रे. मी तिथेच फरशीवर बसलो. योगिनी पाणी घेऊन धावली, तिला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला.

मग तिला सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते तुलाही कळू दे. सांगितलं, की एप्रिल एकोणऐंशी, सड्याच्या उघड्या माळावरची शर्यत, बारा फेऱ्या. उन्हाने कातळ असा तापलेला की चपलेतून चटके. गाडी, ताई, तुझ्या आजोबांची, मिस्त्री मी, आणि वर बसलेला बुरोंडीचा धाकू, बावीस वर्षांचा, ज्याला बघायला मुंबईच्या मोटारसायकल क्लबची माणसं मुद्दाम आली होती. अकरा फेऱ्या धाकू पुढे. शेवटच्या वळणावर मागचं चाक जाम झालं, कातळावर लांबलचक काळी रेघ उमटली आणि गाडी आडवी. गुडघा गेला. लोकांनी ती रेघ बघितली आणि निकाल दिला: पोरगा घाबरला, ब्रेक मारला. मुंबईवाले संध्याकाळीच निघून गेले. मिरकरवाड्यापासून बुरोंडीपर्यंत 'ब्रेकवाला धाकू' हे नाव झालं. आपल्या रत्नागिरीकरांची जीभ तुला माहीत आहे, एकदा नाव ठेवलं की बारशाचं नाव विसरतात. धाकू बोटीवर गेला, जग फिरला, पण पुन्हा दुचाकीवर बसला नाही. मुलीच्या स्कूटरवर मागेसुद्धा नाही.

आणि एक गोष्ट तिला सांगितली, जी तू आणि मी कधीच बोललो नाही. सिव्हिलमध्ये, पाय टांगलेला असताना, तू मला विचारलं होतंस, केरू, मला आठवत नाही रे, मी मारला काय ब्रेक? आणि मी मान डोलावली होती. मला वाटलं, सगळं गाव म्हणतंय तर तसंच असणार. दुसऱ्या दिवशी योगिनी वही घेऊन हजर!

काय पोरगी आहे रे! दुपारी दवाखाना बंद केला की आम्ही दोघं वाचनालयात. जुन्या पेपरांच्या फायली, धुळीने मला शिंका, तिला खोकला. तेराव्या दिवशी मिळालं. आतल्या पानावर, भाताच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली चार ओळी: 'सतरा क्रमांकाचा स्वार अखेरच्या वळणापर्यंत निर्विवाद आघाडीवर होता.' निर्विवाद! छापून आलंय धाकू! मी ते इतक्या मोठ्याने वाचलं की ग्रंथपालबाईंनी बाहेर काढलं आम्हाला. दारातल्या हातगाडीवर भजी खाल्ली आणि पुन्हा आत गेलो.

पण खरी मजा पुढेच आहे. योगिनीचा हट्ट, की प्रत्येक खरवडा बघायचा, फोटो काढायचा, लिहून ठेवायचा. दात तपासायचा आरसा आणि बॅटरी घेऊन ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि मला हाक मारली. चाकाच्या दातेरी चक्रीशेजारी फ्रेमचा जो पाइप आहे ना, त्याला आतल्या बाजूने खोल खाच. बोट फिरवून बघितलं. चेनच्या कड्या उमटल्यात रे त्यात, एकाखाली एक! गाडी पडल्यावर अशी खाच पडत नाही. चाक पुऱ्या वेगात फिरत असताना चेन सुटून मधे अडकली तरच पडते. म्हणजे आधी चेन सुटली, तिने चाक धरलं, मग तू पडलास. ब्रेक नव्हता! धाकू, तू ब्रेक मारलाच नव्हतास! आपल्याला वाटलं होतं, गाडी पडल्यामुळे चेन निघाली. सगळं उलटं होतं!

मी नाचलो. अडुसष्टाव्या वर्षी, उद्यमनगरच्या भर रस्त्यावर. शेजारच्या सगळ्या गॅरेजांना चहा पाजला. घरी येऊन जनीला सांगितलं तर ती म्हणाली, येड लागलंय तुमाला, आणि मग पदर डोळ्यांना लावून बसली. तिने तुला नेहमी धाकूभावजीच म्हटलं, दुसरं नाव कधी तोंडात घेतलं नाही. माझ्यापेक्षा बरी.

त्याच दिवशी हे पत्र लिहायचं होतं. कागद काढलाही होता. पण योगिनीने एक प्रश्न टाकला: काका, मग चेन सुटली कशी? म्हटलं, जुनी असेल, तुटली असेल. ती काही पटवून घेणारी नव्हे. राम आळीत एक फोटोवाले होते, आठवतात? शर्यतीला कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन आले होते. ते गेले, पण त्यांची मुलगी मनस्वी हिने सगळ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवल्यात, प्रत्येक डब्यावर वर्ष लिहून. आपली सापडली. तिने ती संगणकावर मोठी करून छापून दिली. या पाकिटात आहे ती, पण वाचून झाल्यावर बघ.

शर्यत सुटण्याआधीचा फोटो आहे. तू गाडीवर, केसांना इतकं तेल की उन्हात चमकतंय, आणि हसतोयस. असं हसताना मी तुला त्यानंतर पाहिलं नाही. बाजूला मी, हातात पाना, छाती काढून उभा, जणू गाडी मीच जन्माला घातली. वजन कमी करायला चेनचं कव्हर आपण काढून टाकलं होतं, म्हणून चेन पूर्ण दिसते. फोटो हातात येऊन आज पाच दिवस झाले. पाच दिवस मी गॅरेज उघडलेलं नाही.

धाकू, चेन जोडायची ती इवलीशी क्लिप, मासोळीच्या आकाराची. तूच मला म्हणाला होतास, मासा डोक्याकडून पोहतो. बंद टोक चेन जाते त्या दिशेला, उघडी शेपटी मागे. उलटी बसली तर धक्क्यांनी सुटते. तुझं ते वाक्य मी आयुष्यभर गॅरेजात येईल त्याला शिकवलं. त्या दिवशी सकाळी चेन रॉकेलने धुऊन मीच चढवली. तिकडे नारळ फोडायला बोलावत होते, मी घाईत खाली झोपून जोड खालच्या बाजूला घेतला आणि क्लिपचं डोकं सवयीने गाडीच्या तोंडाकडे केलं. खालची चेन मागे जाते, हे विसरलो. फोटोत तो जोड फिरून वर आलाय, आणि मासोळीची शेपटी पुढे आहे. स्वच्छ दिसतं. भिंग लागत नाही.

तू ब्रेक मारला नाहीस. तू घाबरलाही नाहीस. तुझा गुडघा, तुझी शर्यत, ते मुंबईचं बोलावणं, सगळं माझ्या या दोन बोटांनी घालवलं, आणि वर तू विचारलंस तेव्हा मी मान डोलावली. हे तुला सांगण्यासाठी पत्र लिहिलं, बाकी सगळं हा शेवट लांबवण्यासाठी. योगिनीला काल सांगितलं. उद्यमनगरात सगळ्यांना मीच सांगणार आहे, आणि मिरकरवाड्यातही, दारोदार जाऊन. पण आधी तुला कळायला हवं होतं. फोटोसोबत एक नवी क्लिप ठेवली आहे. गाडी शिमग्यापर्यंत तयार होईल. सगळं मी करीन, चेनही चढवीन, पण तो एक जोड उघडा ठेवीन. यावंसं वाटलं तर ये आणि तुझ्या हाताने लाव. नाहीतर क्लिप समुद्रात टाक. गाडी तशीच उभी राहील, मी कारण विचारणार नाही.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
केरू