कशी आहेस, हेस्टर?

२ मे १९३४
आले एकदाची माझ्या घरी! खाली पब, वर आमच्या दोन खोल्या, मागच्या अंगणात सफरचंद फुललंय. मी, मेबल, चाळिशीत नवरी झाले म्हणून बहीण फिदीफिदी हसली होती. हसू दे. नवऱ्याने, सायलसने, हात धरून सगळं घर दाखवलं.

३ मे
दर गुरुवारी अंगणात खेळ असतो. लोखंडी दांडीवर वीतभर पांढरी लाकडी बाहुली, ना नाक ना डोळे. सहा काठ्या फेकून तिला उडवायचं. सहाही हुकल्या की भोपळा, मग गुडघे टेकून तिची माफी मागायची. हसून हसून पोट दुखलं! पाटीवरचा शेवटचा नियम तर कहरच: बाहुलीचा जीव घेईल त्याने नवी होईपर्यंत तिच्या जागी उभं राहायचं.
म्हातारा पर्सी म्हणाला, वहिनी, फेकण्याआधी बाहुलीला विचारायचं असतं, कशी आहेस, हेस्टर?
हेस्टर म्हणजे सायलसची पहिली बायको. पाच वर्षांपूर्वी गेलेली.

९ मे
दर बुधवारी सायलस बाहुलीला चुना लावतो. मानेखाली कुंचला किती हळू फिरवतो! मला कधी इतक्या मायेने हात लावलाय? नवा झगा घातला, ढुंकून पाहिलं नाही. लाकडावर जळते मी. लाज वाटते, पण जळते.

१७ मे
भोपळा. सगळ्यांदेखत सवतीपुढे गुडघे टेकले. सायलस गोड हसला, तिच्याकडे बघून.

१८ मे
कुऱ्हाडीने दोन तुकडे केले आणि चुलीत घातली. त्याच जाळावर चहा केला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!
सायलस ओरडलाच नाही. नुसता पाटीकडे बघत राहिला. पर्सी म्हणाला, हेस्टरनेही आधीची अशीच जाळली होती.

२१ मे
गुडघे वाकत नाहीत. झगा पायांत लोळतो, कालपर्यंत बरोबर होता. पर्सी मला बघून टोपी काढतो.

२३ मे
आरशापर्यंत हात पोचत नाही — नाक चाचपलं, सपाट — सायलस चुना घेऊन आला. मानेखाली कुंचला, हळू, किती मायेने — देवा, मला बरं वाटतंय —
नवं लाकूड आणलंस का, विचारलं. म्हणाला, कशाला?

२४ मे
दांडीवर — पेन्सिल दोन्ही हातांनी — सगळे जमलेत — पहिली काठी सायलसची. आज फक्त माझ्याकडे बघतोय. किती प्रेमाने विचारतो, कशी आहेस, मेबल — बरी आहे म्हणायला तोंडच —