आबांचा मुख्य व्यवसाय

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भावजींचा खोकला आता बरा असेल. इकडे सगळे खुशाल. मधे चार दिवस आबा कुणाशी बोलत नव्हते, त्यामुळे घरात शांतताही होती.

झालं असं, की शेतकरी कुटुंबांची पाहणी करणाऱ्या एक बाई आल्या. मुख्य व्यवसाय विचारताच आबांनी छाती पुढे काढून शेती सांगितली. मग बाई एकेकाला विचारू लागल्या. मी सकाळी शाळेची गाडी चालवतो, दुपारी वेल्डिंग करतो. आई अंडी विकते. आबा स्वतः लोकांचे पंप दुरुस्त करतात (आपला सोडून). तुझी भावजय शिवणकाम सांभाळून औषधी रोपं वाढवते आणि एका कारखान्याला देते. मग शेतात कोण जातं, असं बाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं. आबा टोपी झटकू लागले. शेवटी आई म्हणाली, कोंबड्या जातात.

आबांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच खुरपं घेऊन ते एकटेच गेले आणि दुपारपर्यंत विहिरीकडचे वाफे लख्ख करून आले. (खुरपणीत अजून त्यांचा हात कोणी धरणार नाही, हे मान्य केलं पाहिजे.) फक्त ते गवत नव्हतं. तुझ्या भावजयीची रोपं होती, आणि कारखान्याची गाडी आठवड्यावर आली होती.

ती वाफ्याशी गेली आणि बांधावर टाकलेलं एक रोप उचलून पाहू लागली. मला वाटलं, आता घर फुटतं. ती म्हणाली, "आबा, मुळं अजून ओली आहेत. बसा खाली." संध्याकाळपर्यंत दोघं बांधावरच्या ढिगातून रोपं निवडत होती, ती दाखवी, ते लावत. पुढचे चार दिवस आबा मुकाट्याने पाणी घालत होते. निम्म्याहून जास्त जगली. गाडी भरली नाही, पण रिकामीही गेली नाही.

काल बाई राहिलेल्या सह्या घ्यायला आल्या. आबांनी आपल्या नावापुढची शेती खोडायला लावली आणि म्हणाले, "लिहा, सुनेकडे कामाला."

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : हे मी कळवलं, असं आबांना बोलू नकोस.

आणखी ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. हवापालटाला महिनाभर येऊ का, असं आबांचं तुला पत्र येईल. घरात रंगकाम चाललंय, असं कळव. पुढच्या आठवड्यात नवी लावणी आहे. (ही कल्पना माझी नाही, त्यांच्या मालकिणीची आहे.)